अंगठीची गोष्ट पडद्यावर येते

इंग्रजी भाषेत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ नावाची एक प्रचंड कादंबरी आहे. एक हजाराहून अधिक पानांची ही कादंबरी जे. आर. आर. टोल्किन यांनी लिहिली. टोल्किन हे इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. १९३७ च्या अखेरीस त्यांनी ती लिहायला घेतली आणि १९५४ व १९५५ या वर्षांत ती प्रसिद्ध झाली. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने तिचा अनुवाद केला आहे. मुद्रिका म्हणजे अंगठी. हा दुसरा शब्द तर तुमच्या उर्दूतल्या ‘अंगूठी’चाच भाऊ आहे.

या कादंबरीतील जग काल्पनिक आहे. तेथे माणसांबरोबर दीर्घायुषी एल्फ, खाणीत राबणारे बुटके आणि हॉबिट नावाचे लहानखुरे लोक राहतात. हॉबिट उंचीने माणसाच्या साधारण निम्मे असतात. ते अनवाणी हिंडतात, टेकडीच्या पोटात गोल दाराची घरे बांधतात आणि दिवसातून अनेकदा जेवतात. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने आपले सामर्थ्य ओतून घडवलेली एक अंगठी फिरत फिरत फ्रोडो या हॉबिटाच्या हाती येते. ती जवळ बाळगणाऱ्याच्या मनात सत्तेचा लोभ उत्पन्न करते. ज्या ज्वालामुखीच्या आगीत ती घडली, त्याच आगीत ती नष्ट होऊ शकते. तेवढ्यासाठी फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम शत्रूच्या मुलुखात पायी निघतात. बहुतेक अद्भुत कथांत नायक काहीतरी मिळवायला बाहेर पडतो. येथे तो हाती आलेली वस्तू टाकून द्यायला निघाला आहे.

तुम्ही अमीर हमजाची दास्तान ऐकली असेल. दास्तानगो श्रोत्यांचा रंग पाहून एखादा प्रसंग वाढवत असे, एखादा आटोपता घेत असे. समोरचा श्रोता हातात छापील पुस्तक घेऊन बसलेला नसे. चित्रपट दिग्दर्शकाला ही सवलत मिळत नाही. टोल्किन यांची कादंबरी लाखो लोकांनी वाचली होती, पुन्हा पुन्हा वाचली होती. फ्रोडोचे घर कसे आहे, गँडाल्फ या जादूगाराची दाढी किती लांब आहे, हे प्रत्येकाने मनाशी ठरवून टाकले होते. अशा कादंबरीवर चित्रपट काढणे म्हणजे लाखो लोकांच्या मनातील चित्रावर आपले चित्र ठेवणे होय.

हा प्रयत्न टोल्किन यांच्या हयातीतच सुरू झाला. १९५७ साली काही अमेरिकन मंडळींनी त्यांच्याकडे चित्रपटाचा प्रस्ताव आणला. त्यांनी तयार केलेला कथेचा आराखडा वाचून टोल्किन फार नाराज झाले. पात्रांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी लेखकाने महाकाय गरुडांचा वाटेल तसा उपयोग केला होता. महिन्यांचा प्रवास आखडून टाकला होता. नसलेल्या मारामाऱ्या घातल्या होत्या. टोल्किन यांनी या सर्वांवर १९५८ साली सविस्तर टीका लिहून पाठवली. कादंबरीला कात्री लावायला त्यांचा विरोध नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सगळेच प्रसंग थोडे थोडे दाबून बसवण्यापेक्षा काही भाग सरळ वगळावेत, हे त्यांना अधिक पसंत होते. तो चित्रपट निघालाच नाही. पुढे १९७८ साली राल्फ बक्षी या दिग्दर्शकाने हलत्या चित्रांचा एक चित्रपट काढला. त्यात साधारण अर्धीच कथा आली आणि दुसरा भाग कधी तयार झाला नाही. या कादंबरीचा चित्रपट होणे शक्य नाही, असेच बहुतेकांना वाटू लागले.

पीटर जॅक्सन हे न्यूझीलंडचे दिग्दर्शक. १९९५ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या पत्नी फ्रॅन वॉल्श यांनी हे काम मनावर घेतले. पटकथा लिहिण्यासाठी फिलिपा बॉयन्स त्यांना येऊन मिळाल्या. आरंभी मिरामॅक्स या अमेरिकन कंपनीसाठी दोन चित्रपट काढायचे ठरले होते. पण खर्चाचा अंदाज वाढत गेला, तशी कंपनी कचरली. सगळी कथा एकाच चित्रपटात बसवा, असा तिने आग्रह धरला. त्यासाठी रोहन आणि गोंडोर ही दोन वेगळी राज्ये एकच करावीत, अशाही सूचना आल्या. जॅक्सन यांनी नकार दिला. मग दुसरी कंपनी शोधण्यासाठी त्यांना काही आठवड्यांची मुदत मिळाली. ती टळली असती, तर त्यांची तीन वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या हाती गेली असती.

१९९८ साली ते न्यू लाइन या कंपनीचे प्रमुख बॉब शे यांना भेटले. तयार केलेली चित्रे आणि नमुने त्यांनी एका ध्वनिचित्रफितीवरून दाखवले. ते पाहून शे यांनी विचारले, की पुस्तके तीन आहेत, मग चित्रपट दोनच कशाला? जॅक्सन यांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. यात एक गंमत आहे. टोल्किन यांच्या दृष्टीने ही एकच सलग कादंबरी होती. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने ती तीन खंडांत छापली. प्रकाशकाची ती काटकसर चव्वेचाळीस वर्षांनी जॅक्सन यांच्या उपयोगी पडली.

तिन्ही चित्रपटांचे चित्रीकरण एकदमच करायचे, असे ठरले. ऑक्टोबर १९९९ मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर २००० पर्यंत २७४ दिवस चालले. यात मोठा धोका होता. पहिला चित्रपट लोकांना आवडला नसता, तर उरलेल्या दोहोंवर झालेला खर्चही पाण्यात गेला असता, कारण ते आधीच चित्रित होऊन बसले होते.

आता खरा प्रश्न होता तो काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा.

कादंबरीच्या आरंभी टॉम बॉम्बाडिल नावाचे एक मजेदार पात्र आहे. तो रानात राहतो, गाणी म्हणतो आणि संकटात सापडलेल्या हॉबिटांना सोडवतो. तो ती भयंकर अंगठी बोटात घालतो आणि त्याला काहीही होत नाही! वाचकांना हा टॉम फार प्रिय आहे. चित्रपटात मात्र तो नाही. कारण उघड आहे. ही अंगठी कोणालाही भ्रष्ट करते, असे प्रेक्षकांना आत्ताच सांगितले आहे. लगेच दहा मिनिटांनी एक माणूस तिच्याशी खेळू लागला, तर तिचा दरारा राहणार कसा? पुस्तकात अशा कोड्यावर थांबून विचार करायला वाचकाला वेळ असतो. चित्रपटगृहात तो मिळत नाही.

पण विणलेल्या कापडातून एक धागा ओढला की दुसरीकडे सुरकुती पडते. कादंबरीत टॉम हॉबिटांना एका प्राचीन थडग्यातील सुरे देतो. ज्या दुष्ट राजाविरुद्ध ते सुरे पूर्वी घडवले होते, त्याच राजाला पुढे मेरी नावाचा हॉबिट आपल्या सुऱ्याने जायबंदी करतो. टॉम गेला, थडगेही गेले. म्हणून चित्रपटात ॲरागॉर्न हा वाटाड्याच हॉबिटांना तलवारी काढून देतो. प्रसंग निभावला जातो, पण तो जुना हिशेब चुकता होण्याचा आनंद त्यात उरलेला नाही.

वेळेचेही असेच आहे. कादंबरीत फ्रोडोला अंगठी मिळाल्यापासून तो घर सोडेपर्यंत सतरा वर्षे जातात. चित्रपट ती वर्षे मोजतच नाही, आणि तेच योग्य आहे. मृत्यू पाठीवर आहे असे सांगून नायकाला सतरा वर्षे घरी बसवले, तर प्रेक्षक उठून जातील.

काही बदल मात्र वाचकांना खुपले. फारामिर या तरुण सरदाराचे उदाहरण घ्या. कादंबरीत फ्रोडो त्याच्या तावडीत सापडतो. अंगठीचे रहस्यही त्याला कळते. तरी तो मोह आवरतो आणि फ्रोडोला जाऊ देतो. चित्रपटातील फारामिर आधी फ्रोडोला अंगठीसह आपल्या वडिलांकडे पाठवू पाहतो, त्याला एका उद्ध्वस्त शहरापर्यंत नेतो आणि मग सोडतो. पटकथाकारांचे म्हणणे असे, की ज्या अंगठीपुढे मोठमोठे वीर डळमळले, तिला एखादा सहज नाही म्हणाला, तर इतका वेळ बांधत आणलेला ताण क्षणात सैल पडेल. शिवाय शीलॉब या राक्षसी कोळिणीचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या चित्रपटात नेला होता, त्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोपुढे काहीतरी अडचण हवी होती. हे सगळे तर्काने पटते. तरीही मला कादंबरीतला फारामिरच मोठा वाटतो. मोहाला बळी पडणारी माणसे त्या कथेत पुष्कळ आहेत. न पडणारा एखादा असू द्यायला हवा होता.

याउलट गॉलमचा प्रसंग पाहा. गॉलम हा एकेकाळी हॉबिटांसारखाच एक साधा जीव होता. अंगठीच्या लोभाने तो वाळला, वाकला आणि दुष्ट झाला. त्याच्या मनात दोन स्वभाव भांडतात. एकाला फ्रोडोशी इमानाने वागायचे आहे, दुसऱ्याला त्याचा घात करायचा आहे. कादंबरीत तो एका संध्याकाळी स्वतःशीच पुटपुटत वाद घालतो आणि झोपेचे सोंग घेतलेला सॅम तो ऐकतो. मनातला हा झगडा पडद्यावर कसा दाखवायचा? चित्रपटात त्यासाठी कॅमेऱ्याच्या जागेचा उपयोग केला आहे. दुष्ट गॉलम बोलतो तेव्हा आपण त्याला एका बाजूने पाहतो, भला गॉलम उत्तर देतो तेव्हा दुसऱ्या बाजूने. थोड्याच वेळात समोर एकच प्राणी आहे, हे आपण विसरून जातो. समोरासमोर बसून दोघे जण भांडत आहेत, असे वाटू लागते. येथे पुस्तकातील एक शब्दही महत्त्वाचा म्हणून जपलेला नाही, पण प्रसंगाचा प्राण जसाच्या तसा उतरला आहे.

हा गॉलम संगणकावर तयार केलेला आहे. अँडी सर्किस या नटाने आधी सर्व प्रसंग प्रत्यक्ष अभिनय करून दाखवले. त्याच्या अंगावर लावलेल्या खुणांवरून त्याच्या हालचाली संगणकात नोंदवल्या गेल्या. चेहऱ्यावरचे भाव मात्र चित्रकारांनी त्याचा अभिनय समोर ठेवून बारकाईने घडवले.

सगळ्यांत अवघड काम वाटते ते याहून साधे होते. हॉबिट लहान दिसायला हवेत! फ्रोडोचे काम करणारा इलायजा वुड आणि गँडाल्फचे काम करणारे इयान मॅकेलन ही दोघेही नेहमीच्या उंचीची माणसे. त्यासाठी एक जुनी युक्ती वापरली. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळ्यांसमोर धरलेला अंगठा दूरचा मिनारही झाकून टाकतो. पहिल्या चित्रपटात फ्रोडो आणि गँडाल्फ घोडागाडीत शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात त्या गाडीची बैठक अशी बांधली होती, की गँडाल्फ कॅमेऱ्याजवळ आणि फ्रोडो बराच मागे बसे. कॅमेऱ्यातून पाहता मागचे अंतर कळत नसे, फक्त फ्रोडो लहान दिसे. कॅमेरा हलला की ही फसवणूक उघडी पडते. म्हणून काही प्रसंगांत कॅमेऱ्याबरोबर टेबलाचा भाग आणि नटही हिशेबाने सरकतील, अशी यंत्रणा केली होती.

फ्रोडोचे घर दोनदा बांधले होते, एक हॉबिटांसाठी मोठे आणि एक गँडाल्फसाठी लहान. दुरून दिसणाऱ्या प्रसंगांत फ्रोडोच्या जागी किरण शाह उभे राहत. केनियातील नैरोबी येथे जन्मलेले हे भारतीय वंशाचे कलावंत सुमारे १२६ सेंटिमीटर उंचीचे आहेत. गिमली या बुटक्याची गोष्ट तर आणखी मजेची. त्याचे काम करणारे जॉन ऱ्हीस-डेव्हिस चांगले सहा फूट उंच होते. हॉबिट झालेले नट त्यांच्याहून ठेंगणे असल्यामुळे, बुटका आणि हॉबिट यांच्या उंचीत जेवढा फरक हवा तेवढा आपोआपच मिळाला. त्यांना एकत्र उभे करून सरळ चित्र घेता येत असे.

पुस्तकात ‘त्याने चिलखत घातले’ एवढे लिहिले की काम भागते. चित्रपटासाठी ते चिलखत करावे लागते. वेलिंग्टन शहरातील वेटा या कार्यशाळेत तलवारी, ढाली, शिरस्त्राणे अशा हजारो वस्तू तयार झाल्या. प्लॅस्टिकच्या नळीचे काप करून, एकेक कडी हाताने गुंफून चिलखते विणली गेली. कड्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. नेल्सन गावातील येन्स हॅन्सन या सोनाराने ती प्रसिद्ध अंगठी वेगवेगळ्या मापांत घडवली. चित्रपट पुरा होण्याआधीच, १९९९ साली, ते वारले.

क्रिकेटप्रेमी वाचकांना आणखी एक हकिगत आवडेल. दुसऱ्या चित्रपटात दहा हजार राक्षसी सैनिक एका किल्ल्यासमोर गर्जना करतात. एवढा आवाज आणायचा कोठून? फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. दोन डावांमधील सुटीत जॅक्सन स्वतः मैदानात उतरले. सैनिकांच्या भाषेतील शब्द मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आले आणि सुमारे २५,००० प्रेक्षकांनी ते एकसुरात ओरडून म्हटले, पाय आपटले, छात्या बडवल्या. चित्रपटात ऐकू येणारी ती गर्जना या क्रिकेटच्या प्रेक्षकांची आहे.

२००१, २००२ आणि २००३ या तीन वर्षांच्या डिसेंबर महिन्यांत हे चित्रपट प्रदर्शित झाले. तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली. ज्या अकरा विभागांत त्याचे नाव होते, ते सर्व त्याने जिंकले.

तरी सगळेच वाचक खूश झाले नाहीत. टोल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी वडिलांचे अप्रकाशित लेखन संपादित करण्यात आयुष्य घालवले होते. २०१२ साली एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी आपली नाराजी स्पष्ट सांगितली. त्यांच्या मते चित्रपटांनी या कादंबरीची तरुणांसाठी मारामारीची कथा करून टाकली होती. हे मत कठोर आहे, पण कादंबरीचा शेवट वाचला म्हणजे त्यामागची कळ समजते.

अंगठी नष्ट झाल्यावर चौघे हॉबिट आपल्या शायर या मुलुखात परततात. कादंबरीत तेथे त्यांना ओळखीचे काही दिसत नाही. झाडे तोडलेली असतात, ओढ्याचे पाणी घाण झालेले असते, गुंडांचे राज्य असते. घरातले लोक भीतीने गप्प असतात. मग हे चौघे गावकऱ्यांना उठवतात आणि गुंडांना हाकलून देतात. हा भाग कथेला आवश्यक असून तो आरंभापासून मनात होता, असे टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. ते स्वतः १९१६ साली सॉमच्या रणांगणावर होते आणि त्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र मारले गेले होते. लढून परतलेल्याला घर तसेच सापडत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

चित्रपटात शायर जसेच्या तसे हिरवेगार असते. चौघे खानावळीत बसतात आणि एकमेकांकडे पाहतात. त्यांनी काय सोसले, ते आजूबाजूच्या कोणालाही माहीत नसते. हे दृश्य सुंदर आहे. शिवाय सर्वांत मोठे संकट टळल्यावर प्रेक्षक आणखी एका लढाईसाठी बसणार नाहीत, हा जॅक्सन यांचा अंदाजही चुकीचा नव्हता. आहे तोच शेवट फार लांबला, अशी तक्रार कितीतरी जणांनी केली. पण टॉमला वगळल्याने जे गेले, त्याहून येथे पुष्कळ अधिक गेले. पहिल्या चित्रपटात एका जादूच्या पाण्यात फ्रोडोला जळणारे शायर क्षणभर दिसते. तेवढीच काय ती त्या प्रकरणाची खूण उरली आहे.

पुढे जॅक्सन यांनी टोल्किन यांच्याच ‘द हॉबिट’ या कादंबरीवर चित्रपट काढले. १९३७ साली प्रसिद्ध झालेले हे मुलांसाठीचे पुस्तक सुमारे तीनशे पानांचे आहे. त्याचे आधी दोन चित्रपट व्हायचे होते. चित्रीकरण बरेचसे उरकल्यावर, २०१२ मध्ये, ते तीन करण्याचे ठरले. आता अडचण उलटी झाली. वगळायचे काय, हा प्रश्नच नव्हता. भर कशाची घालायची, हा होता. पुस्तकात नसलेली पात्रे आली, एक प्रेमकथा आली आणि काही पानांची लढाई जवळजवळ एका चित्रपटाएवढी झाली. हजार पानांच्या कादंबरीचे ते पहिले तीन चित्रपट चित्रपटगृहात मिळून सव्वानऊ तास चालले होते. तीनशे पानांच्या ‘हॉबिट’चे तीन चित्रपट पावणेआठ तासांहून अधिक चालतात. तेवढ्या वेळात साधारण वेगाने वाचणाऱ्याचे ते मूळ पुस्तकच वाचून होते.